घंगाळ, ब्रेकड्रम आणि चार कुंड्या

नाशिकच्या तांबट आळीतल्या दुकानदाराला वाटलं, बाई घंगाळ गळतंय का ते बघतायत. अर्धा तास मी एकेक घंगाळ पुढे ओढून कडेवर बोटाच्या पेराने टिचक्या मारत होते, कान लावत होते. शेवटी न राहवून तो म्हणाला, "ताई, गळत नाही हो एकही. पाणी भरून दाखवू का?" मी म्हटलं, दाखवाच. त्याने दोन बादल्या ओतल्या. मी आरतीला वाजवतात ती काशाची जाड थाळ सुतळीने धरली, लाकडी टिपरूने ठोकली आणि नाद चालू असतानाच हळूहळू पाण्यात उतरवली. सूर घसरत खाली गेला, वर काढली तसा चढला. मागे ठोकत बसलेला कारागीर हातोडी तशीच धरून बघत राहिला.

ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकात जॉन केज नावाचा संगीतकार जलनृत्य करणाऱ्यांना साथ करायचा. डोकं पाण्याखाली गेलं की त्यांना काही ऐकू येईना, म्हणून त्याने घंटाच पाण्यात बुडवून वाजवली. पाण्यात थाळ थरथरते तेव्हा तिला आजूबाजूचं पाणीही हलवावं लागतं, म्हणजे ती जणू जड होते आणि सूर उतरतो. काशाची थाळ आणि तांब्याचं घंगाळ या दोन्ही गोष्टी ज्या गावात हाताशी आहेत, तिथे हे कुणी का करत नाही, या कुतूहलातून आमच्या मैफली सुरू झाल्या.

मी पंचवटीत २२ वर्षं तबला शिकवते. आमचा गट पाच जणांचा: मी, माझे दोन शिष्य, एका ढोलपथकातला ताशावाला आणि सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर. घंगाळ, कुंड्या, भंगार असं हाताला येईल ते वाजवायच्या या पाश्चात्त्य प्रायोगिक संगीताच्या तीन मैफली आम्ही केल्या. तबला, ढोलकी, मृदंग, ताशा, काहीही वाजवणाऱ्याला हे करून बघावंसं वाटलं तर कुठे ठेच लागते ते सांगते.

काय वाजवायचं

शोधायला लागलात की एडगार वारेझ या संगीतकाराचं 'आयोनायझेशन' आधी समोर येईल. ६ मार्च १९३३ ला न्यूयॉर्कमध्ये ते पहिल्यांदा झालं. १३ वादक, भोंगे आणि शेवटी शेवटी पियानो. ऐका, दहादा ऐका, पण त्याच्या वाटेला जाऊ नका. नाशिकमध्ये १३ वादक एका रविवारी तालमीला वेळेवर जमवून दाखवणाऱ्याला मी पदरच्या पैशाने मिसळ खाऊ घालेन. तसंच स्टॉकहाउझेनचं 'झायक्लस', १९५९चं. एकट्या वादकाचं आहे, कुठल्याही पानापासून सुरू करता येतं, वही उलटी धरूनही वाजवता येतं. वाचायला मजा वाटते. पण त्याला लागणारा वाद्यांचा पसारा आणि तयारी पाहिली की गुपचूप वही मिटून ठेवावी लागते.

सुरुवातीला चार रचना पुरतात, मध्यंतर न करता पाऊण तास. आमची पहिली यादी अशी होती: स्टीव्ह राइशचं 'क्लॅपिंग म्युझिक' (१९७२), फ्रेडरिक झेव्स्कीचं 'टू द अर्थ' (१९८५), जॉन केजचं 'लिव्हिंग रूम म्युझिक' (१९४०) आणि शेवटी आमचं स्वतःचं एक, ज्याला आम्ही नुसतं 'घंगाळ' म्हणतो. पहिल्याला फक्त हात लागतात, दुसऱ्याला चार कुंड्या, तिसऱ्याला दिवाणखाना. खर्च म्हणाल तर नोटेशनचा. ते प्रकाशकाकडून विकत घ्या. राइशची रचना युनिव्हर्सल एडिशनकडे मिळते, केजच्या रचना एडिशन पीटर्सकडे. कुणीतरी पाठवलेल्या धूसर झेरॉक्सवर भागवलंत तर एक ठिपका नेमका दिसत नाही आणि तोच महत्त्वाचा असतो.

टाळ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण तबलजीची खोड इथेच मोडते. राइशच्या रचनेत दोन माणसं, एकच बोल, १२ मात्रा ('ता' म्हणजे टाळी, 'ऽ' म्हणजे रिकामी मात्रा):

ता ता ता ऽ ता ता ऽ ता ऽ ता ता ऽ

पहिला माणूस शेवटपर्यंत हेच वाजवतो, केसभरही बदल नाही. दुसरा आधी त्याच्याबरोबर हेच वाजवतो आणि मग एक मात्रा पुढे सरकतो. म्हणजे पहिली 'ता' काढून शेवटी लावायची:

ता ता ऽ ता ता ऽ ता ऽ ता ता ऽ ता

तिथे काही आवर्तनं थांबायचं, मग आणखी एक मात्रा. असं करत करत बाराव्या सरकण्याला तो पुन्हा पहिल्याच्या अंगावर येऊन बसतो. नोटेशनमध्ये प्रत्येक जागी १२ आवर्तनं लिहिली आहेत, आम्ही ८ करतो. हात भरून येतात हो.

आता खरी गोष्ट. बारा मात्रा म्हटल्या की आपल्या डोक्यात एकताल सुरू होतो. माझ्याही झाला. धिं धिं धागे तिरकिट मनात चालू ठेवून मी सरकायला गेले आणि तिसऱ्या जागेवर माझीच सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हरवली. कारण मी 'ता ता ता' या तीन टाळ्यांच्या गटालाच घर समजत होते. गट सरकला की घरही सरकलं. राइशने सूचनेत स्वच्छ लिहिलंय की सम तिच्या जागीच ठेवायची, तीन टाळ्यांच्या गटाबरोबर ती न्यायची नाही. हे वाचलं आणि मला हायसं वाटलं, कारण हे आपल्याला येतं! तबल्यात कायद्याचे पलटे, म्हणजे ठरलेल्या बोलांची उलटापालट, करताना बोल कुठूनही उचलतो, सम हलत नाही. तेव्हा तालीम अशी करा: दोघांनीही पायाच्या अंगठ्याने सम धरायची, तोंडाने फक्त पढंत, म्हणजे बोल म्हणायचे, टाळ्या नाहीत. आठ दिवस नुसती पढंत. प्रत्येक जागेला तिचा वेगळा बोल आहे असं समजून बारा बोल पाठ करा. 'मागच्यातून एक काढून टाकला' हा हिशेब वाजवताना करायला गेलात की संपलं. मग टाळ्या. तळहात सपाट एकमेकांवर आपटायचे नाहीत. एका हाताची बोटं दुसऱ्याच्या तळव्यावर, आणि दोघांच्या टाळीचा आवाज शक्य तितका सारखा. आवाज सारखा झाला की ऐकणाऱ्याला दोन माणसं वेगळी ऐकू येत नाहीत, मधून तिसराच काहीतरी बोल उगवतो. तो कुणीच वाजवत नसतो.

कार्यक्रमातली फजिती सांगते. पहिल्या मैफलीत मी आणि माझा शिष्य रंगमंचावर आलो, नमस्कार केला आणि टाळ्या सुरू केल्या. लोकांना वाटलं आम्हीच टाळ्या मागतोय. पहिल्या दोन रांगांनी मनापासून साथ दिली. चार आवर्तनं आमच्या दोन टाळ्या साठ टाळ्यांत बुडाल्या होत्या. आता आम्ही आधी सांगतो, मग हात खाली सोडून पूर्ण दहा सेकंद नुसते उभे राहतो. सभागृह गप्प झालं की पहिली टाळी.

कुंड्या

जुन्या नाशकात कुंभारवाड्यात सकाळी जा, दुपारी उन्हात डोकं चालत नाही. आम्ही चार कुंड्यांसाठी ३१ वाजवून पाहिल्या. पक्की भाजलेली कुंडी खणखणते, कच्ची किंवा केसाएवढी तडा गेलेली भद्द बोलते. आपण माठ घेताना वाजवून घेतो तसंच. चार वेगवेगळ्या उंचीचे सूर हवेत, खालून वर जाणारे. ते सा रे ग म मध्ये बसलेच पाहिजेत असं नाही. माझा तबला लावणारा कान पहिल्या दिवशी कासावीस झाला होता, दुसऱ्या दिवशी त्याने नाद सोडला.

कुंडी चुंबळीवर सुलटी ठेवा. पालथी घातली की नेमका काठ दाबला जातो आणि नाद मरतो; काठ मोकळा राहिला पाहिजे. नुसत्या लाकडी काठीने वाजवू नका, टोकाला लोकर घट्ट गुंडाळून वर दोऱ्याने बांधा आणि काठाजवळ बाहेरून मारा. पाचवी कुंडी बरोबर ठेवा. आमची तिसरी कुंडी रिक्षात, सभागृहाच्या दाराशी पोचल्यावर फुटली.

झेव्स्कीच्या या रचनेत वाजवता वाजवता बोलायचं असतं. पृथ्वीमातेला उद्देशून असलेलं प्राचीन ग्रीक स्तोत्र, इंग्रजी भाषांतरातलं. मराठी करावंसं वाटेल. मलाही वाटलं होतं, पण ते परवानगीशिवाय करू नये. आम्ही इंग्रजीच ठेवलं आणि आधी मराठीत दोन वाक्यांत अर्थ सांगितला. पाठांतर करून, डोळे कुंड्यांवर ठेवून बोलायचं. पढंत करणाऱ्यांना हे लवकर जमतं, एवढी एकच शेखी मी मिरवते.

दिवाणखाना

केजच्या रचनेत चौघे घरातल्या वस्तू वाजवतात: मासिकं-वर्तमानपत्रं, टेबल, जाड पुस्तकं, आणि भिंत, फरशी किंवा दाराची चौकट. आम्ही मासिक म्हणून जुने दिवाळी अंक घेतले. पातळ कागदाचा अंक बोटांनी छान फडफडतो, गुळगुळीत कागदाचा नुसता चपचपतो. टेबल जुनं सागवानी मिळालं तर बघा. प्लायवूडच्या टेबलाचा आवाज पुठ्ठ्यासारखा येतो. दुसऱ्या भागात चौघांनी लयीत बोलायचं असतं, तिथे ताशावाला गटात असला की बहार येते. फार सांगत नाही याबद्दल. या रचनेला सराव लागतो, डोकेफोड लागत नाही.

भंगार, काठ्या आणि चवाळं

ब्रेकड्रम (गाडीच्या चाकाच्या ब्रेकमधलं ओतीव लोखंडी भांडं) हा शब्द ऐकून लोक हसतात, पण १९३०-४०च्या दशकात केज आणि लू हॅरिसन हे दोघे गाड्यांच्या भंगारातून ब्रेकड्रम उचलून आणायचे, आणि केजचं 'फर्स्ट कन्स्ट्रक्शन' (१९३९) त्यांच्याशिवाय होतच नाही. त्या रचनेत १६ मापांचे, म्हणजे पाश्चात्त्य आवर्तनांचे, १६ भाग आहेत, आणि प्रत्येक भाग आतून ४, ३, २, ३, ४ असा विभागलेला. तीनतालाच्या सोळा मात्रांवर जन्म काढलेल्या माणसाला हे वाचून गुदगुल्या होतात. सहा वादक आणि बरंच साहित्य लागतं, म्हणून आम्ही अजून हात लावलेला नाही.

आमच्या टर्नरने सातपूर-अंबडकडच्या भंगारवाल्यांकडे फिरून तीन ड्रम किलोवर आणले. ट्रकचे घेऊ नका, उचलताना कंबर जाते. लहान गाडीचे पुरे. बोटांवर तोलून धरा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला ओतीव ड्रम देवळातल्या घंटेसारखा लांब बोलतो. तडा असेल तर लगेच कळतं. घरी आणल्यावर रॉकेलने ग्रीस काढा, तारेच्या ब्रशने गंज खरवडा, मग साबणाने धुऊन उन्हात वाळवा. जुन्या ब्रेकची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधून, ओल्यानेच पुसा. वाजवताना खाली जाड फोम घाला. टर्नरला लेथवर थोडं कापून सूर मिळवायचा मोह झाला होता, मी हात जोडले. या संगीतात ते तिघे आपापसात भांडत असलेलेच बरे.

काठ्यांवर पैसे घालवायची गरज नाही. वेळूच्या काठीला लोकर, दुसरीला रबरी नळीचा तुकडा, तिसरी नुसती. आणि एक खास: पोरांचा उसळणारा रबरी बॉल घ्या, त्यात विणकामाची सुई खुपसा, आणि ओल्या बोटाने पेला घासतो तसा घंगाळाच्या अंगावर तो बॉल घासा. घंगाळ हुंकार देतं. आमच्या क्लासमधली एक छोटी मुलगी घाबरून आईकडे पळाली होती.

आता वाद्य मांडणं. आपण मांडी घालून बसणारे, दोन वाद्यं समोर, संपलं. इथे उभं राहून आठ-दहा वस्तूंमधून फिरायचं असतं. सगळं कमरेच्या उंचीवर आणा आणि सर्वांत जास्त लागणारी वस्तू उजव्या कोपरापाशी. मांडणी जमली की जमिनीवर खडूने खुणा करा, फोटो काढा. प्रत्येकाच्या हाताशी एक छोटं स्टूल आणि त्यावर चौघडी घातलेलं चवाळं, काठ्या ठेवायला. काठी लाकडावर ठेवल्याचा टक् असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आणि प्रेक्षकाला तो रचनेतलाच वाटतो. चवाळ्याशिवाय तालीमसुद्धा करू नका.

स्वतःची रचना करायची असेल तर

'घंगाळ' आम्ही जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या चौकात केलं, लोक मध्ये आणि आम्ही चार कोपऱ्यांना. वादकांनी श्रोत्यांना वेढायची कल्पना आम्ही झेनाकिस या संगीतकाराकडून घेतली; त्याच्या 'पर्सेफासा'त (१९६९) सहा वादक श्रोत्यांभोवती उभे असतात. चौकात आवाज वर जातो आणि माडीच्या कठड्यावरून परत येतो, माइक लागत नाही.

ताल नाही, घड्याळ आहे. मोबाइल विमान मोडवर टाकून स्टॉपवॉच लावायचं, एकाने हात वर करून सगळ्यांचं एकदम सुरू करायचं. प्रत्येकाकडे पोस्टकार्डाएवढी कार्डं. माझ्या पहिल्या कार्डावर होतं: "०:०० ते १:१० काही नाही. ऐक." दुसऱ्यावर: "१:१० ते १:४० थाळ एकदा. पाण्यात न्यायची. पाणी ठिबकू दे." एवढंच. आठ मिनिटांत मी एकूण १९ ठोके मारले.

हे ताशावाल्याला सगळ्यात जड गेलं. आमचं गाव नाशिक ढोलाचं. इथे जोरात वाजवायला कुणाला शिकवावं लागत नाही. मिरवणुकीत शंभर ढोल एकदम पडले की अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. पण त्या सवयीच्या हाताला सत्तर सेकंद थांबायला सांगणं म्हणजे छळच. तिसऱ्या सेकंदाला त्याची बोटं मांडीवर चालायला लागायची. आणि शेवट आला की न चुकता तिहाई, तोच बोल तीनदा वाजवून समेवर येणं! "बाई, तिहाईशिवाय संपलं असं वाटतच नाही." मी त्याला मॉर्टन फेल्डमनचं 'द किंग ऑफ डेन्मार्क' (१९६४) वाजवायला दिलं. त्यात काठ्यांना मज्जावच आहे. सगळं बोटांनी, हातांनी, अगदी हळू, आणि नोटेशनमध्ये उंच, मधला, खालचा अशा चौकटी फक्त. नेमकं कोणतं वाद्य ते बहुतेक ठिकाणी तुमचं तुम्ही ठरवायचं. महिनाभर त्याने कटकट केली. दुसऱ्या मैफलीत त्याने ते वाजवलं तेव्हा मागच्या रांगेतले लोक खुर्च्या न वाजवता पुढे वाकले होते. हळू वाजवायला हाताला जोर जास्त लागतो, हे तो आता आपल्या पथकातल्या पोरांना सांगतो म्हणे. ती ऐकत नसणार.

उलट बाजूही आहे. ब्रेकड्रम आणि ताशा बंद खोलीत तासभर वाजवणार असाल तर कानात बोळे घाला, फार्मसीत मिळतात ते फोमचे. तरुण वादकांना त्यात कमीपणा वाटतो. माझ्या वयाला आल्यावर वाटणार नाही.

जागा आणि दिवस

मोठं नाट्यगृह नको, ८०-१०० माणसांची खोली हवी. रिकाम्या खोलीत एक टाळी मारा आणि मोजा. आवाज लगेच मेला तर गालिचे-पडदे काढायला सांगा, फार घुमला तर सतरंज्या घाला. मग सगळे दिवे, पंखे, एसी चालू करून शांत बसा. पंख्यांचं आम्हाला एका सभागृहात महागात पडलं. मे महिना, फेल्डमनसाठी पंखे बंद करून घेतले, आणि मिनिटभरात शंभर लोक आमच्याच पत्रिकेने वारा घ्यायला लागले. पंखा परवडला असता. तेव्हापासून मैफल डिसेंबर-जानेवारीत, नाशिकच्या गारठ्यात. फक्त खोकणाऱ्यांसाठी दाराशी खडीसाखर ठेवतो. गणपती, लग्नाचे मुहूर्त आणि जवळच्या देवळातल्या सप्ताहाची तारीख आधी बघून घ्या.

सुरुवातीला बोलायचं ते दोन मिनिटं. 'अवांगार्द' वगैरे शब्द उच्चारू नका, लोक परीक्षेला बसल्यासारखे ताठ होतात. कुठल्या वस्तू आहेत, काय ऐका, कधी संपेल, एवढं पुरे. संपल्यावर वाद्यं झाकू नका, लोकांना पुढे बोलवा. पहिल्या मैफलीनंतर एक काका ब्रेकड्रम ठोकून बघत होते. मला म्हणाले, "बाई, एक विचारू? यात चुकलं तर कळतं का?" मी त्यांना टाळ्यांच्या रचनेतली माझी सातवी जागा सांगितली, जिथे मी अर्धं आवर्तन गळपटले होते. ते म्हणाले, "हां, तिथे मला वाटलंच."

आवराआवरीला एक तास धरून चाला. ब्रेकड्रम पुसून तेलाचा हात द्या, नाहीतर आठवड्यात पुन्हा गंज. कुंड्या वेगवेगळ्या गोणपाटात. घंगाळ शेजारच्या आजींचं असतं, ते रात्रीच चिंचेने घासून परत द्यावं लागतं. सकाळी साडेपाचला त्या त्यात पाणी काढतात.